गरीब स्वभावाचे जनावर

२०२३ चा पोळा होऊन चार दिवस झाले होते. ईटहून पुतण्याचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली, पावसाने दिलेल्या ओढीचे झाले, सोयाबीनच्या भावाचे झाले, आणि मग थोडा घुटमळून त्याने विचारले, "काका, गरीब स्वभावाचं डुक्कर कोणतं?"

मला वाटले, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. साठी ओलांडली की माणूस आधी स्वतःच्या कानांना दोष देतो. पण त्याने पुन्हा तेच विचारले. कोणत्या जातीचे डुक्कर स्वभावाने गरीब असते, अंगावर येत नाही, लेकराबाळांच्या घरात पाळता येते आणि मांसालाही चांगले, ते मला "पुस्तकात बघून" त्याला सांगायचे होते.

असला प्रश्न मलाच का, याला कारण आहे. मी चौतीस वर्षे जनावरांशी संबंध असलेल्या एका कचेरीत कारकुनी केली. तेवढ्या काळात माझा जनावरांशी संबंध आला तो फायलींतून. गाय म्हणजे हिरवी फाईल, कोंबडी म्हणजे तांबडी. पण गावाकडच्या मंडळींची समजूत अशी, की काकांना यातले सगळे कळते. ही समजूत मी नोकरीत असताना कधी दूर केली नाही. आता ती अंगाशी आली.

थट्टेचा भाग सोडला तर प्रश्न साधा नव्हता. माझे थोरले बंधू जाऊन पाच वर्षे झाली होती. मागे वहिनी, हा मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. चार एकर जिराईत जमीन आणि सोसायटीचे कर्ज. नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली, कडबा महागला, तेव्हा त्याने त्या उन्हाळ्यात बैलजोडी विकली. एक लाख वीस हजार आले. आमच्या घरातला तो पहिला पोळा, की ज्या दिवशी दारात बैल नव्हते. मातीच्या बैलांना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, असे सून सांगत होती. ते एक लाख वीस हजार म्हणजे त्या घरातली शेवटची मोकळी रक्कम. ती कशात घालायची, हा प्रश्न होता. कोणीतरी त्याला डुकरांचा हिशेब सांगितला होता आणि त्याची झोप उडाली होती.

वहिनींची अट एकच. जनावर कोणतेही आणा, मारके नको. बंधूंना तरुणपणी एका खोंडाने उडवले होते. मांडीचे हाड मोडले आणि ते नीट जुळले नाही. उभा जन्म ते लंगडत चालले. त्या घरात जनावराचा स्वभाव ही शोभेची गोष्ट नव्हे.

तेव्हा मी पुस्तके काढली.

डुकराविषयी आपल्याकडच्या मध्यमवर्गीय माणसाचे ज्ञान दोन टोकांचे असते. एका टोकाला वराह अवतार, दुसऱ्या टोकाला उकिरडा. मधले काही ठाऊक नसते. आमच्या पिढीतल्या इंग्रजी वाचणाऱ्यांना तिसरे एक डुक्कर माहीत असते, ते वुडहाउसच्या कादंबऱ्यांतले. लॉर्ड एम्सवर्थची ती लठ्ठ, काळी, बर्कशायर जातीची डुकरीण, 'एम्प्रेस ऑफ ब्लँडिंग्ज'. तिला प्रदर्शनात पदके मिळतात आणि म्हातारा लॉर्ड कुंपणाला टेकून तासन् तास तिच्याकडे पाहत राहतो. तरुणपणी मला ही सगळी विनोदाची अतिशयोक्ती वाटे. आता वाचताना कळले, की इंग्लंडात खरोखरच डुकराच्या स्वभावावर लोकांनी बारकाईने विचार केलेला आहे.

तिकडच्या जुन्या पाळणाऱ्यांचा एक ठोकताळा मला फार आवडला: कान पाहावेत. ज्या डुकराचे कान लांब, लोंबते आणि डोळ्यांवर आलेले, ते शांत. त्याला समोरचे नीट दिसत नाही, म्हणून ते दचकून धावत नाही, जपून चालते. 'लार्ज ब्लॅक' म्हणून एक काळी जात आहे. तिच्या डोळ्यांवर कानांच्या झापडाच असतात आणि ती गरीब म्हणून प्रसिद्ध आहे. 'ग्लॉस्टरशायर ओल्ड स्पॉट्स' ही दुसरी. पांढऱ्या अंगावर थोडे काळे ठिपके. तिला फळबागेतले डुक्कर म्हणतात. झाडाखाली पडलेली सफरचंदे खात फिरायची. अंगावर सफरचंदे पडून ते ठिपके उठले अशी तिकडे दंतकथा आहे. न्यूझीलंडात 'कुनेकुने' नावाचे बुटके, केसाळ डुक्कर माओरी लोकांकडे असे. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थच गुबगुबीत. १९७० च्या दशकात ही जात संपत आली होती, ती दोघा हौशी माणसांनी शोधून वाचवली. ते तर मांजरासारखे पोट खाजवून घेते म्हणतात.

हे सगळे मी पुतण्याला फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ह्यातलं आपल्याकडं कोणतं मिळतं?"

एकही मिळत नाही.

आपल्याकडे मिळते ते मुख्यतः 'लार्ज व्हाइट यॉर्कशायर', डेन्मार्ककडून पसरलेले लांब पाठीचे 'लँड्रेस' आणि यांचे देशी डुकराशी झालेले संकर. गोव्याचे आपले स्वतःचे काळे 'अगोंद गोवन' आहे, त्याची राष्ट्रीय पातळीवर जात म्हणून नोंदही झाली आहे. पण ते गोव्याच्या हवेत आणि गोव्याच्या स्वयंपाकघरात शोभणारे. यॉर्कशायर हे शिकलेल्यांचे डुक्कर. पांढरे, ताठ कानांचे, माद्या पिल्लांना सांभाळणाऱ्या, स्वभावाने बरेच थंड. फक्त पूर्ण वाढीचे जनावर अडीच-तीन क्विंटलांपर्यंत जाते. वहिनींना हे कळवले तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, तीन क्विंटलाचं जनावर गरीब आसलं काय आन् नसलं काय! नुस्तं पायावर बसलं तरी माणूस गेला."

तरी कागदावर डुक्कर जिंकत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. मादी ११४ दिवसांत विते. तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस असा तो हिशेब लक्षात ठेवतात. एका वेळी आठ-दहा पिल्ले. सात-आठ महिन्यांत पिल्लू ८०-९० किलोंचे होते, आणि कापल्यावर त्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक मांस हाती लागते. शेळी पाच महिन्यांनी विते, दोन करडे देते, करडू वर्षात पंचवीस किलोंच्या आसपास येते आणि त्यातले निम्मे मांस. हिशेब कारकुनाने मांडायचा तर शेळीने तोंड लपवावे. पुतण्या खूश झाला. मी मात्र अस्वस्थ होतो. फायलीतल्या जनावरांनी मला अनेकदा फसवले आहे. तेव्हा कार्तिकात मी स्वतःच ईटला गेलो.

ईट हे भूम तालुक्यातले गाव. बालाघाटाचा माळ, पातळ माती, खाली मुरूम. तिथून खर्डा जवळ. १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला हरवले ते खर्डा. आमचा मुलूख नंतरही १९४८ पर्यंत निजामाकडेच राहिला, ही गोष्ट वेगळी. पावसाने हुलकावणी द्यायची या भागाला सवय आहे. १९७२ चा दुष्काळ मी तिथे पाहिला. खडी फोडून लोक जगले, आणि ज्यांच्या दावणीला गाय-बैल होते त्यांनी ते सोडून दिले. शेळ्या मात्र बाभळीच्या शेंगांवर आणि बोरीच्या पाल्यावर तगल्या. तालुका खव्यासाठी नावाजलेला. कुंथलगिरीचा पेढा ज्याने खाल्ला त्याला निराळे सांगायला नको. म्हणून मी आधी म्हैस सुचवली. पण चांगल्या म्हशीला बैलजोडीचे सगळे पैसे जातात, आणि उन्हाळ्यात तिला हिरवे आणायचे कोठून?

पुतण्या मला गावाबाहेर एका कैकाडी म्हातारबाबांकडे घेऊन गेला. त्यांचा नातू पुतण्याचा वर्गमित्र. या मंडळींनी पिढ्यान् पिढ्या डुकरे पाळली आणि गावाने त्याबद्दल त्यांना पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवले. आता गावातल्याच एका तरुणाला त्या जनावरात पैसा दिसू लागला, हे पाहून म्हातारबाबांना हसू येत असले पाहिजे. पण त्यांनी ते दाखवले नाही. चहा सांगितला आणि नीट विचारपूस केली.

"पांढरं घेताव का? घ्या. वाईट जनावर न्हाई. पन उन्हाळ्याला काय करताव?"

डुकराला घाम येत नाही. अंग थंड करायला त्याला चिखल नाही तर पाणी लागते. चैत्र-वैशाखात आमच्याकडे माणसांना टँकरची वाट पाहावी लागते. पांढऱ्या कातडीला ऊन सोसत नाही, हेही खरे. पुढचा प्रश्न खाण्याचा. शेळी बांध चरते, डुक्कर धान्य खाते. एक किलो वजन वाढायला तीन किलोंच्या घरात खाद्य लागते. शहराच्या कडेला हे धंदे चालतात ते हॉटेलांच्या उरल्यासुरल्या अन्नावर. ईटमध्ये तेवढी हॉटेले कोठली? आणि त्या उष्ट्यातून रोग येतात. आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात प्रथम आला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप जातात आणि त्यावर उपचार नाही.

"आन् इकायचं कुनाला?" म्हातारबाबा म्हणाले. "आमच्याकडं टेम्पो येतो. भाव त्यो सांगतो. न्हाई म्हनलं तर टेम्पो जातो, आन् जनावर रोज खातंय."

या एका वाक्यात साऱ्या धंद्याचे मर्म होते. देशातल्या २०१९ च्या पशुगणनेत शेळ्या १४ कोटी ८८ लाख आणि डुकरे ९० लाखांच्या घरात निघाली. गिऱ्हाईक कोठे आहे ते या आकड्यांवरून समजते. एके काळी बोरिवलीला डुकराच्या मांसाचा सरकारी कारखाना होता. तशी काही सोय धाराशिवकडे नाही.

निघताना मी त्यांना स्वभावाविषयी विचारले. ज्याच्यासाठी एवढी पुस्तके चाळली तो प्रश्न विचारल्याशिवाय मला राहवेना. ते जरा थांबले. म्हणाले, "डुकराचा सोभाव माणसागत हाय. गरीब बी आसतं, खुनशी बी आसतं. पन त्येला कळतं. टेम्पो दिसला की त्येला कळतं." आणि मग हळूच, "शेळीला कळत न्हाई. म्हनून शेळी इकायला सोपी."

केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ मध्ये असे प्रसिद्ध केले, की आरशात दिसणारे खाणे आरशामागे नाही, आपल्या पाठीशी आहे, हे डुकरांना ओळखता येते. म्हातारबाबांना आरशाची गरज पडली नव्हती.

घरी आलो तर वहिनींची काळी शेळी ओट्याशी बांधलेली होती. कान लोंबते. मी पुतण्याकडे पाहिले, त्याने शेळीकडे पाहिले. जी वस्तू शोधायला मी न्यूझीलंडपर्यंत गेलो ती ओट्याशीच रवंथ करीत होती.

उस्मानाबादी शेळी ती हीच. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. शेळीचे अजून उस्मानाबादीच आहे आणि परराज्यांतले व्यापारीही तिला त्याच नावाने मागतात. आपल्या महाराष्ट्राच्या चार नावाजलेल्या जातींपैकी ही एक. बाकीच्या संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ. धाराशिव, लातूर, सोलापूर, बीड, परभणी, नगर या टापूत ती जन्मली आणि इथल्या कोरड्या हवेने तिला घडवले. दहांतल्या सात काळ्याभोर, बाकीच्या तपकिरी, पांढऱ्या, ठिपक्यांच्या. मध्यम बांधा, मादी बत्तीस-तेहतीस किलो, बोकड थोडा अधिक. दूध बेताचे, करडांना पुरून कपभर चहाला. खरा गुण दुसराच. ती जुळी देते, नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेते देते, आणि तिचे मांस व कातडे दोन्ही नावाजलेले.

पुतण्याचा जीव अजून मोठ्या जनावरात होता. डुक्कर गेले तर 'बोअर' आणू म्हणाला. हा बोकड दक्षिण आफ्रिकेतला, तपकिरी डोक्याचा, पैलवानी अंगाचा. शंभर किलोंवर जातो आणि स्वभावानेही शांत आहे. १९९० च्या दशकात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तो परदेशातून भ्रूणांच्या रूपाने आणला आणि आपल्या शेळ्यांशी त्याचा संकर करून पाहिला. काम मोलाचे आहे आणि ज्यांच्याकडे चारा-पाणी आहे त्यांना तो संकर लाभतोही. पण चांगल्या बोअर बोकडाची किंमत ऐकून आमचे एक लाख वीस हजार खिशातच लाजले. वहिनींनी मोबाईलवरचे त्याचे चित्र पाहिले आणि एकच विचारले, "खातो किती?"

शेवटी मार्गशीर्षात आठ शेळ्या आणि एक पैदाशीचा बोकड घ्यायचे ठरले. खरेदीला वहिनी स्वतः आल्या, आणि कोणत्याही पुस्तकात मला न सापडलेले ज्ञान मी त्या दिवशी बाजारात पाहिले.

व्यापारी आधी दात दाखवतो. दोन दाती म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाची, चार दाती म्हणजे दोनची, आठ दात पुरे झाले की प्रौढ. हे सगळ्यांना ठाऊक असते. वहिनी दातांकडे नंतर पाहत. आधी लांबून उभ्या राहून नुसत्या बघत. दहा शेळ्या एका दाव्याला बांधलेल्या असल्या की एखादी शेजारणीला सारखी ढुशी मारते, ती बाद. एखादी दुसऱ्यांच्या मागे अंग चोरून उभी राहते. तीही बाद, कारण ती आजारी तरी असते नाही तर गव्हाणीत नेहमी उपाशी राहते. मग त्या जवळ जात, हातावर चार दाणे धरीत. जी वास घेऊन, मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाही आणि मग खाई, तिच्या कासेला हात लावत. कास मऊ हवी, दोन्ही सड सारखे, गाठ नको. पाय उचलून खूर पाहत. शेवटी विचारत, "हिची माय हाय का हितं?" आई असली तर तिला पाहत. जुळ्याची जुळी होते, एकटीची एकटी, असे त्यांचे म्हणणे; आणि पैदाशीचे शास्त्र शिकलेली मंडळीही जुळ्यातूनच निवडा म्हणतात.

व्यापारी वैतागला. "आक्का, सोयरीक जुळवायलाव का काय?"

"तसंच समज," वहिनी म्हणाल्या.

भाव उपरण्याखाली बोटांनी ठरले. मला त्यातले काही कळले नाही, पण वहिनींच्या हाताला ते पुरते कळत होते.

बोकड मात्र मुद्दाम दुसऱ्या गावचा, नात्यात नसलेला घेतला. वीस-पंचवीस शेळ्यांना एक पुरतो. आणि दोन वर्षांनी तो बदलावा, नाही तर बापाला लेकी लागतात, करडे खुजी होतात, मरतात. हा नियम मी पुतण्याच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून दिला. पुढे तोच नियम माझ्यावर उलटला.

माघ-फाल्गुनात शेळ्या व्यायल्या. सहा जणींना जुळी, एकीला एक, एक गाभडली. तेरा करडे. वहिनी रात्री उठून पाहत. नाळेला औषध लावायचे, तासाभरात चीक पाजायचा, अशक्त करडाला गोणपाटात गुंडाळून चुलीशी ठेवायचे. खायला तुरीचे आणि हरभऱ्याचे भुसकट, बांधावरची शेवरी आणि सुबाभळीचा पाला. सुबाभूळ बेताने, फार झाली की केस गळतात. शेड म्हणजे चार खांब, जुने पत्रे आणि खाली मुरूम. डुकरांसाठी सिमेंटचा कोबा करायचा बेत होता, ते पैसे वाचले.

चूक झाली ती जूनमध्ये. आंत्रविषाराची लस पावसापूर्वी टोचायची असते. पुतण्या पेरणीच्या धांदलीत होता. आठ दिवसांनी टोचू म्हणाला. पहिला पाऊस पडला, बांधावर कोवळे गवत आले, करडे त्यावर तुटून पडली. संध्याकाळी उड्या मारणारी दोन करडे सकाळी पाय ताणून पडलेली होती. ज्या आजारात दुपारपर्यंत वाट पाहायलाही वेळ मिळत नाही, त्याची लस स्वस्तातली असते. त्या दिवशी तो जेवला नाही. मीही पुण्याहून फोनवर त्याला रागे भरणार होतो, पण त्याचा आवाज ऐकून थांबलो.

राहिली अकरा. पाच पाठी, सहा बोकड. पाठी घरी ठेवायच्या, बोकड विकायचे, हा हिशेब पहिल्यापासून स्पष्ट होता. वहिनींचा एक शिरस्ता होता. ठेवायच्या जनावराला नाव द्यायचे, विकायच्याला नाही. पण नातीला कोणी हे सांगितले नव्हते. तिने सहाही बोकडांची नावे ठेवली. त्यांतला एक सोन्या. पूर्ण काळा, कपाळावर पांढरा चांद, कान खांद्यापर्यंत. तिच्या मागे बालवाडीपर्यंत जायचा आणि दारात बसून राहायचा. एकदा वहिनींनी मला दाखवले. पोरगी त्याच्या अंगावर डोके टेकून झोपली होती आणि तो पाय अवघडले तरी उठत नव्हता. आम्हाला जे हवे होते, ते असे पुरेपूर मिळाले होते.

२०२५ च्या मे महिन्यात मी महिनाभर ईटलाच होतो. बकरी ईद ७ जूनला होती. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पुरा लागतो आणि अंगात कसलीही खोट चालत नाही. शिंग मोडके नको, कान फाटका नको, पाय लंगडा नको. आमचे सहाही दोन दाती झाले होते. पुतण्याने या वेळी एक शहाणपण केले, लोंबता वजनकाटा विकत आणला. आमच्याकडे जनावर नजरेवर विकायची रीत, आणि नजर नेहमी घेणाऱ्याची. व्यापाऱ्याने काटा पाहून तोंड वाकडे केले, पण तो माल सोडून गेला नाही. ज्या धंद्यात टेम्पो परत जातो तो हा नव्हता; दुसऱ्या व्यापाऱ्याचा फोन सकाळीच येऊन गेला होता. अठ्ठावीसपासून एकतीस किलोंपर्यंत वजने भरली.

सोन्या सर्वांत देखणा, त्यामुळे त्याला सर्वांत जास्त भाव. "ह्यो ठेवा की पैदाशीला," सून म्हणाली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. वहीतला नियम माझ्या अक्षरात होता. कळपातल्या पाची पाठी त्याच्याच बहिणी, एक तर जुळी, आणि बाकी त्याची आई आणि मावश्या. दुसऱ्या गावच्या बोकडाशी अदलाबदल करता आली असती, आणि तेही मी सुचवले. पण सोसायटीचा हप्ता जूनअखेर होता आणि हिशेबात सहा बोकड धरले होते, पाच नव्हे. पुतण्या काही बोलला नाही. वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या."

पाच बोकडांना ओढून, उचलून टेम्पोत चढवावे लागले. सोन्याला दावेसुद्धा लागले नाही. पुतण्या पुढे चालला, तो त्याच्या मागे फळीवरून चढून गेला आणि आत जाऊन वळून उभा राहिला.

पोरीला मामाकडे पाठवावे असे मी सुचवले होते. पुतण्याने नकार दिला. म्हणाला, खोटे बोलून नेलेले तिला कधीतरी कळेलच. ती दारात उभी होती. रडली नाही. आत गेली आणि बाभळीच्या शेंगांची पिशवी घेऊन आली. व्यापाऱ्याला म्हणाली, "ह्येला शेंगा आवडत्यात." त्याने पिशवी घेतली. टेम्पोत मागे टाकील असे मला वाटले, पण त्याने ती पुढे, स्वतःच्या बसण्याच्या जागेशेजारी ठेवली. वहिनी तोवर आत जाऊन भांडी घासायला बसल्या होत्या. भांडी सकाळीच घासून झालेली होती.

सहा बोकडांचे नव्वद हजारांच्या आतबाहेर पैसे आले. हप्ता गेला, बियाणे आले आणि थोडे उरले. डुकरांनी यापेक्षा अधिक दिले असते की नाही, हे मला अजूनही सांगता येणार नाही. आमच्या पैकी जे शहरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभे राहतात, मीही त्यांतलाच, त्यांनी "बोकड उस्मानाबादीच ना?" असे दुकानदाराला विचारताना मी ऐकले आहे. परवा माझ्यापुढच्या गृहस्थांनी तसे विचारले, तेव्हा मी पिशवी घेऊन तसाच घरी आलो. घरी सांगितले, दुकान बंद होते.

भाद्रपदात पुन्हा दोन शेळ्या घ्यायच्या ठरल्या. वहिनींबरोबर मीही बाजारात गेलो. त्या पूर्वीसारख्याच लांबून पाहत उभ्या राहिल्या. एका दाव्याला एक सुरेख काळी शेळी होती, कान लांब, डोळे शांत. तिने जवळ येऊन वहिनींच्या पदराचा वास घेतला. मला वाटले, ठरली. वहिनींनी तिच्या मानेवरून हात फिरवला आणि पुढे निघाल्या. पलीकडे एक तपकिरी, आखूड शिंगांची शेळी शेजारणीला ढुशी मारीत होती. वहिनींनी हात पुढे करताच तिने मान खाली घालून त्यांच्या तळहातालाच एक धडक दिली.

"कास बघा भाऊजी," वहिनी हात चोळत म्हणाल्या. "दोन्ही सड सारखे हायेत का?"

सारखे होते. अकरा हजारांना सौदा तुटला.